दिशा देता येते ते

हवेहून हलका वायू पोटात भरून आकाशात तरंगणाऱ्या त्या लांबोळ्या यानाला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा युरोपातल्या पुष्कळांना जहाज आठवले. इंग्रजांनी 'एअरशिप' म्हटले, जर्मनांनी 'लुफ्टशिफ', हंगेरियनांनी 'लेगहॉयो'. भाषा निराळ्या, अर्थ एकच : हवेतले जहाज. आपल्याकडे 'हवाई जहाज' हा शब्द असाच घडला. तो मात्र पंखांच्या विमानाला जाऊन चिकटला.

फ्रेंचांचे लक्ष दुसरीकडे होते. १७८३ साली माँगोल्फिए बंधूंचा फुगा त्यांच्याच देशात वर चढला होता. पण वारा नेईल तिकडे जायचे, एवढेच त्याच्या नशिबी. पुढे २४ सप्टेंबर १८५२ रोजी आंरी जिफार वाफेचे इंजिन लावलेल्या यानातून पॅरिसहून त्रापपर्यंत, सुमारे २७ किलोमीटर गेला. अशा यानाला फ्रेंच भाषेने नाव दिले 'दिरिजाब्ल' : ज्याला दिशा देता येते ते! स्पॅनिश आणि इटालियन भाषांत याच शब्दाची भावंडे आहेत. रशियनांनी तो जवळजवळ तसाच उचलला. पोलिश भाषेने अर्थ तेवढा घेतला आणि सुकाणू धरण्याच्या आपल्या क्रियापदापासून 'स्तेरोव्येत्स' घडवला.

२ जुलै १९०० रोजी काउंट झेपेलिनचे पहिले यान जर्मनीतल्या बोडेन सरोवरावर उडाले आणि कितीतरी भाषांत माणसाचे आडनावच यानाचे नाव होऊन बसले. ६ मे १९३७ रोजी 'हिंडेनबर्ग' अमेरिकेत लेकहर्स्ट येथे पेटले. ३६ माणसे गेली. तो जमाना ओसरला. शब्द राहिले.

या साऱ्यांत मला फ्रेंच शब्द जवळचा वाटतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई शेजारणींना कौतुकाने सांगते, "पोरगी शिकून वर आली हो!" तिचे खरेच आहे. पण परीक्षेनंतर माझे काय करायचे, याच्या बैठका काका आणि मामा आमच्या ओटीवर भरवीत आहेत. मला भाषाशास्त्र शिकायचे आहे, हे तिथे कुणाच्या गावीही नाही.

वर काय, फुगाही चढतो.

पुढची बैठक रविवारी आहे. चहाचे कप ठेवून मी आत जाणार नाही. तिथेच बसणार आहे.