घारीचा पंख की कुरवाचा?

माझ्या भाच्याला विंग फॉइल घ्यायचंय. पैसे त्याचे, पण खाडी आमच्या नायगावची, म्हणून मी मध्ये बोलतो. हातात फुगवलेलं हलकं शीड, पायाखाली फळी, फळीखाली पाण्यात बुडालेला दांडा आणि त्याच्या टोकाला विमानासारखा पंख. वेग आला की फळी पाण्याबाहेर उचलली जाते. कल्पना जुनीच आहे. एन्रिको फोर्लानिनीने 1906 साली इटलीतल्या माज्जोरे सरोवरावर अशी पंखांवर उचलली जाणारी बोट पळवली होती.

सगळा वाद त्या पंखाचा. भाचा म्हणतो 900 चौरस सेंटिमीटर, मी म्हणतो 1800. म्हणजे जेमतेम तीन ए-फोर कागद! पण पाणी हवेच्या आठशेपट दाट, त्यामुळे तेवढ्यावर माणूस उचलला जातो. उचल पंखाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढते आणि वेगाच्या वर्गाबरोबर. भाचा 85 किलोचा. मोठ्या पंखावर तो ताशी तेरा किलोमीटरच्या आसपास पाणी सोडेल, छोट्यावर त्याला अठरा लागतील. उचलल्यावर मात्र छोटा पंख पळतो. मोठा वेगात जड होतो आणि फळीला नको तितकं वर ढकलू लागतो.

आकाराचं गणित वेगळं. हजार चौरस सेंटिमीटरचा पंख एक मीटर लांब असेल तर लांबीचा वर्ग भागिले क्षेत्रफळ, म्हणजे 10 हा ॲस्पेक्ट रेशो. तोच 70 सेंटिमीटरचा केला तर 4.9. लांब-अरुंद पंख कुरवासारखा. टोकांशी भोवरे कमी, वारा मंदावला तरी तरंगत राहतो. पण वळायला आळशी, आणि वळताना टोक पाण्याबाहेर आलं तर हवा शिरून उचल जाते. आखूड-रुंद पंख घारीसारखा, चटकन वळणारा, नवशिक्याला सांभाळून घेणारा. जाडीचंही तसंच. जाड पंख कमी वेगात उचलतो, पातळ जास्त वेगात कमी अडतो.

भाच्याने पाहिलेले व्हिडिओ निळ्या, खोल पाण्यातले. इथे उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, ओहोटीला चिखल उघडा पडतो, आणि डोल जाळ्यांचे खुंट कुठे आहेत ते फक्त कोळीवाड्याला ठाऊक. दुपारचा समुद्राकडचा वारा त्याला आत ढकलेल, ते ठीक. पण संध्याकाळी वारा पडला आणि ओहोटी लागली, तर पाणी त्याला पाणजूकडून थेट समुद्राकडे नेईल. तेव्हा उरलासुरला वारा ज्या पंखाला पुरेल, तोच त्याला धक्क्यावर आणेल. त्या वाऱ्यात 900चा पंख पाण्यातलं नुसतं ओझं.

“मामा, तुम्ही मला होडी घ्यायला लावाल,” तो म्हणतो.

सध्या तो पंधराशेवर आलाय. आता दांड्यावरून सुरू आहे. लाटांत 85 सेंटिमीटरचा बरा, पण आमच्या चिखलात 75चासुद्धा रुततो.