मागची बाजू

पहिल्या वर्षाला येणारी मुले चित्रकलेत तयार असतात. एलिमेंट्री, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा झालेल्या असतात, वस्तुचित्रात छायाप्रकाश नेमका पकडता येतो. त्याच हातांत शाडूचा गोळा देऊन समोर ढोबळी मिरची ठेवली, की बहुतेक जण मातीलाही दर्शनी बाजू ठरवून टाकतात. तिथे देठ, फुगवटे, खाचा सगळे नीट उतरते. मागे माती बोटांच्या ठशांसकट तशीच राहते.

म्हणून मी थोड्या थोड्या वेळाने ‘फिरवा’ म्हणतो. मिरची आणि टर्नटेबलवरचे काम, दोन्ही सारखेच वळवायचे. नंतर मिरची कापडी पिशवीत जाते. एक हात आत घालून ती चाचपायची, दुसऱ्या हाताने मातीत उतरवायची. बोटांना दर्शनी बाजू ठाऊक नसते, त्यामुळे ही कामे ओबडधोबड होतात, पण भरीव होतात.

खरी कसोटी डोक्याच्या अभ्यासात लागते. चेहरा रंगात येतो आणि कान थेट डोक्याच्या मागच्या कडेला जाऊन बसतो. बाजूने पाहिले तर कान साधारण मध्याच्या जरासा मागे असतो, त्याच्या पाठीमागे कवटीचा केवढा तरी भाग उरतो. कॅलिपर लावून कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर मोजायला सांगितले, की मुले आपल्याच मापावर विश्वास ठेवत नाहीत, पुन्हा मोजतात. कवटीची माती थापल्यावर, चेहऱ्याला हातही न लावता, तोच चेहरा सुधारतो. गालाला आणि जबड्याला वळून जायला जागा मिळालेली असते.

काही मुले गणपतीच्या कारखान्यात वाढलेली असतात. माती मळणे, साच्यात दाबणे, सांधे पुसणे यांत त्यांना मी काय शिकवणार? पण मूर्ती मखरात बसणार आणि माणसे समोरून हात जोडणार, हे त्यांच्या हातांत मुरलेले असते. पाठ गुळगुळीत केली की त्यांचे काम संपते. मखरासाठी ते बरोबरच आहे. घारापुरीचा साडेपाच मीटरच्या आसपास उंचीचा सदाशिवही खडकाला पाठ लावून उभा आहे. तीन मुखे दिसतात, मागचे भाविकाने मनात धरायचे. उलट वेरूळला ८व्या शतकात अख्खे कैलास मंदिर डोंगरातून वरून खाली कोरत मोकळे केले. तिथे प्रदक्षिणा घालता येते. पाहणारा कुठून कुठे चालणार, हे दोन्हीकडच्या कारागिरांनी आधी ठरवले होते. मुलांकडून मला हाच निर्णय हवा असतो. पाठ कोरी ठेवायची तर ठेवा, पण ती विचार करून ठेवलेली असावी.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या गणपतराव म्हात्रे यांची, १८९०च्या दशकातली ‘मंदिरपथगामिनी’ यासाठीच दाखवतो. ती नऊवारीतली तरुणी आहे. एका छायाचित्रावर मुलांचे समाधान झाले, की विचारतो, कासोटा कुठून पाहणार? निऱ्यांचा पसारा पुढे, त्याचा ताण पाठीशी. एवढे वस्त्र एका बाजूने कळणारच नाही.

यातली बरीच मुले पुढे उपयोजित कलेकडे किंवा अंतर्गत सजावटीकडे जातात. शिल्पाचा तास त्यांना कशाला, असे सहकारीही विचारतात. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या खुर्चीची पाठच आत येणाऱ्याला आधी दिसते. औषधाच्या खोक्यावर कामाचा मजकूर बहुधा मागेच असतो. ज्याला मागे जाऊन पाहायची सवय लागली, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

वार्षिक प्रदर्शनात माझी तक्रार ठरलेली असते. जागा वाचावी म्हणून शिल्पे भिंतीला टेकवून ओळीने लावली जातात आणि वर्षभराची शिकवण दोन तासांत पुसली जाते. स्टँड हॉलच्या मध्यभागी हवेत, भोवती माणूस सहज फिरेल एवढे अंतर सोडून. त्यासाठी निम्मीच कामे मांडावी लागली, तर निम्मीच मांडा.