कावळ्याची वाट

पुण्याच्या पश्चिमेस, पौड ओलांडून ताम्हिणीकडे निघालेल्या प्रवाशास मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दिसू लागतो. येथे पूर्वी भातखाचरे होती. ती बुडणार म्हणून मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यामुळे. तरीही धरण झालेच.

ज्या गावी शेतातून चालत जाता येई, ते पैलतीरावर गेले. कावळा सरळ उडून पाणी ओलांडतो; माणसास मात्र नाव तरी हवी, नाही तर काठाकाठाने सारा वळसा घालणे आले. आषाढात धुके दाटले की नावेचाही भरवसा नसतो. नकाशावरील अंतर आणि पायांखालील अंतर यांतील भेद आजाऱ्यास डोलीतून नेणाऱ्यांनाच खरा कळतो!

तेच पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून कोकणात भिरा येथे उतरते आणि तेथील वीज क्षणार्धात मुंबईस पोहोचते. पुण्याहून निघालेले विमान सुमारे दोन तासांत हजाराहून अधिक किलोमीटर कापून दिल्लीस उतरते. तेवढ्या वेळात पैलतीरावरचा गावकरी पुष्कळदा पुण्याच्या वाटेवरच असतो.