जव्हारच्या बाजारात शंभर रुपयांची हुज्जत

पाऊस ओसरता ओसरता आम्ही काही कार्यकर्ते जव्हार-मोखाडा फिरून आलो. दाभोसा धबधबा पाहिला, जयविलास राजवाडा पाहिला. हे मुकणे राजे महादेव कोळी, म्हणजे आदिवासी. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत इथे आदिवासी घराण्याची गादी होती, हे आपल्यापैकी किती जणांना शाळेत शिकवले?

मग बाजारात आलो. वारली चित्रे आणि बोहाड्याचे मुखवटे मांडले होते. मुंबईचे एक कुटुंब चित्रे विकणाऱ्या बाईशी शंभर रुपयांसाठी हुज्जत घालत होते. "तांदळाचं पीठ अन् गेरूच तर आहे!" वा! मग पुस्तक तरी काय, कागद अन् शाईच.

लग्नघरी भिंतीवर चौक लिहिणाऱ्या वारली बायकांची ही कला. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तरी शहरात साड्यांवर, कपांवर हीच चित्रे छापून विकतात आणि काढणाऱ्याचे नाव कुठेच नसते. आम्ही घेतलेल्या प्रत्येक चित्रामागे काढणारीचे नाव-गाव लिहून घेतले, सांगितली ती किंमत दिली. आमच्यातलाच एक मित्र म्हणाला, "बाजारात भाव करायचाच असतो." मग मॉलमध्ये का करत नाही रे बाबा?

मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. त्या पाण्याचा भाव कोणी केला?

मित्रांनो, जाणार असाल तर सुटे पैसे न्या. पाचशेची मोड त्या बायकांकडे नसते.