वुडवर्डची वाट

डेट्रॉइटला काही पाहण्यासारखे असेल, अशी आमची मुळीच कल्पना नव्हती. न्यूयॉर्क झाले होते, नायगारा झाला होता. भाचा डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, म्हणून केवळ त्याच्या आग्रहाखातर आम्ही उभयतांनी ऑगस्टमध्ये तिथे पंधरा दिवस मुक्काम टाकला. पण साऱ्या अमेरिकेतून मनात घर करून राहिले ते शेजारच्या म्हातारबुवांचे गॅरेज आणि एक रस्ता.

रस्त्याचे नाव वुडवर्ड ॲव्हेन्यू. डेट्रॉइटच्या नदीकाठापासून निघून तो थेट पाँटिअ‍ॅक गावापर्यंत जातो. १९०९ साली याच रस्त्याचा एक मैल काँक्रीटचा केला, तेव्हा तो पाहायला लांबलांबून माणसे आली म्हणे! पुढे १९६० च्या सुमारास तरुण पोरे संध्याकाळी आपल्या मोठ्या इंजिनांच्या गाड्या इथे पळवू लागली. १९९५ साली फर्नडेल गावाने मुलांच्या फुटबॉल मैदानाला वर्गणी जमवण्यासाठी जुन्या गाड्यांची एक फेरी काढली, आणि आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी हजारो गाड्यांची जत्रा भरते. आपल्याकडे पालखी पाहायला बसावे तशी माणसे खुर्च्या टाकून रस्त्याच्या कडेला बसतात.

म्हातारबुवांची गाडी १९६७ ची फोर्ड मस्टँग. गाडीच्या नंबरात सुरुवातीलाच ‘७एफ’ अशी खूण आहे. सात म्हणजे १९६७ साल आणि एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, असे भाच्याने समजावले. केंटकीच्या डोंगराळ भागातून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आलेले हे गृहस्थ त्याच कारखान्यात वेल्डिंग करीत. गाडी घेतली तीही पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून. तो कारखाना २००४ साली बंद झाला. गाडी मात्र आहे.

अडचण अशी की, १९७४ साली त्यांनी मूळचे २८९ घनइंचांचे इंजिन काढून एका मोडक्या गाडीतले ३९० चे बसवले. म्हणजे पावणेपाच लिटरच्या जागी जवळजवळ साडेसहा लिटर! रेडिएटर मात्र होता तोच ठेवला, वीस इंच रुंदीचा. मोकळ्या रस्त्यावर वारा लागतो, तोवर निभावले. पण गेल्या वर्षी जत्रेच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने चालली आणि बर्मिंगहॅमजवळ उकळली. पोलिसांनी ढकलून बाजूला घेतली. “आता पुन्हा नाही,” असे म्हणून म्हातारबुवांनी गाडीवर कापड टाकले ते वर्षभर काढले नाही.

हे ऐकताना मला आमचा जुना बोरघाट आठवला. शिंगरोबाला पैसा वाहून पुढे निघावे, तो चढावर वाफेचा फवारा! मग बॉनेट उघडायचे, दगडावर बसून गाडी निवण्याची वाट पाहायची आणि डब्याने पाणी घालायचे. तापलेले झाकण उघडण्याची घाई केलेल्या ड्रायव्हरचा भाजलेला हात मी डोळ्यांनी पाहिला आहे.

भाच्याने मला सोपे करून सांगितले. “मामा, पेट्रोल जळून जी शक्ती निघते, तिच्यातली फार थोडी चाकांना मिळते. बाकीची उष्णता. तिच्यातला मोठा वाटा धुराबरोबर जातो, आणि जवळजवळ तेवढाच पाण्याला वाहून न्यावा लागतो. इंजिन वाढवले आणि रेडिएटर नाही वाढवला, म्हणजे घरात माणसे दुप्पट आणि मोरी तेवढीच!” ही उपमा सौ.ला फार पटली.

चोवीस इंची नवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणून ठेवलेला होता. पण तो बसवायचा तर पुढच्या पत्र्याची चौकट कापायला हवी होती, आणि घोडे तिथेच अडले होते. म्हातारबुवा म्हणत, “तो पत्रा माझ्या कारखान्यातला आहे. मी जोडला असेल, नाहीतर माझ्या शेजारी उभ्या असणाऱ्याने. आज त्यांच्यातला कोणी उरलेला नाही. इंजिन काय, केव्हाही बदलता येते. कापलेले परत येत नाही.”

यावर काय बोलणार? त्यात त्यांची दृष्टी मंदावत चाललेली. पुढच्या वर्षी ही जत्रा दिसेल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

भाच्याने वाद घातला नाही. त्याने त्या सालचे फोर्डचे जुने दुरुस्ती-पुस्तक आणले आणि एक पान भिंग लावून त्यांना दाखवले. १९६७ मध्ये ३९० चे इंजिन कारखान्यातूनच मिळत असे, आणि त्या गाड्यांची चौकट चोवीस इंचीच असे. म्हातारबुवा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे हेसुद्धा आम्हीच करत होतो की!” त्यांनी खडू मागितला आणि थरथरत्या हाताने पत्र्यावर रेघ स्वतः ओढली. कापताना मात्र ते अंगणात जाऊन उभे राहिले.

पुढचे काम दोन दिवसांचे. कडा घासून रंग दिला, खाली रबराच्या गाद्या ठेवल्या. पंख्याभोवतीचे आवरणही नवे, रुंद बसवले. ते नसेल तर पंखा आपल्यापुरत्या गोलातूनच वारा ओढतो, कोपरे कोरडे राहतात. पात्यांचा निम्मा भाग आवरणात आणि निम्मा बाहेर, असे माप धरले. मग निम्मे पाणी आणि निम्मे अँटिफ्रीझ भरले. मिशिगनच्या थंडीत नुसते पाणी गोठले तर इंजिनच फुटायचे. झाकण दाबाचे. दर पौंड दाबामागे पाण्याचा उकळबिंदू सुमारे दीड अंशाने वर जातो, हे मला या वयात कळले!

शनिवारी भाचा चालवायला, शेजारी म्हातारबुवा, मागे अंग चोरून आम्ही दोघे. बर्मिंगहॅमपाशी गाड्या ठप्प झाल्या. ऊन मी म्हणत होते. म्हातारबुवांना काटा दिसत नव्हता. ते दर मिनिटाला विचारीत, “किती?”

“नव्वद,” भाचा सांगे. “ब्याण्णव. पुन्हा नव्वद.”

तासभर त्या गर्दीत काटा तिथेच राहिला. पाँटिअ‍ॅक आले, तेव्हा म्हातारबुवांनी विचारणे सोडले होते. काच खाली करून ते नुसते गाड्यांचे आवाज ऐकत होते आणि प्रत्येकीचे नाव सांगत होते. एकही चुकले नाही, असे भाचा म्हणाला.

कापलेल्या पत्र्याची एक पट्टी त्यांनी निघताना माझ्या हातात ठेवली. ती आता पुण्यात माझ्या टेबलावर आहे. पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगतो, “अमेरिकेहून आणले.”