एकट्याचा जपान प्रवास आणि माझी पोटरी
मागे टोकियो, क्योटो, हिरोशिमा असा ३ आठवडे एकटाच फिरलो. क्योटोत डावी पोटरी दुखू लागली, सुजलीही. 'चालून चालून स्नायू दुखावला असेल,' असं म्हणत मी एक दिवस काढला. हीच तक्रार घेऊन पेशंट आला असता, तर त्याला लगेच सोनोग्राफीला पाठवलं असतं! लांबच्या विमानप्रवासानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. शेवटी हॉस्पिटल गाठलं. सुदैवाने गुठळी नव्हती. पण परक्या गावात, एकटं असताना डॉक्टरही स्वतःची समजूत घालतो, हे कळलं. तुम्ही तसं करू नका. एकाच पायाला सूज आली, तर त्याच दिवशी दाखवा. दम लागला, छातीत दुखलं, तर जपानमध्ये ११९ लावा.