आधी आंबट, मग गूळ

आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पानात पुरणपोळी आहे, कुरडई आहे, भजी आहेत, पण द्रोणात चिंचवणी, म्हणजे चिंच-गुळाचं पाणी, नाही, तर आमच्याकडची वडीलधारी माणसं ते पान पूर्ण मानत नाहीत. पितरांच्या नावानं भरलेल्या घागरीपुढंही तेच पान ठेवतात. पातूरचा घाट चढून वाशिमकडे आलं की अकोल्याच्या मानानं हवा जरा हलकी लागते, तरी वैशाखात दुपारचा पारा इथंही चाळिशी ओलांडतो. त्या उन्हातून आलेल्या माणसाला काय द्यावं, याचं उत्तर आमच्या भागानं फार पूर्वी शोधून ठेवलंय. कोकणाकडे कोकम आहे. आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावरची चिंच.

बरीच वर्षं मी घरी चिंचवणी करते आहे, आणि माझं ठाम मत झालंय की तिचं बरंवाईट वैशाखात ठरत नाही. ते फाल्गुनात ठरतं, चिंच फोडताना.

झाडाखाली पडलेले आकडे गोळा करून दोन-तीन उन्हं दिली की टरफल हातानं चुरतं. मग खरं काम. चिंचेच्या गराला धरून ज्या जाड शिरा असतात, त्या एकेक ओढून काढायच्या. चिंचोके काढायचे, आणि तेही अख्खे. चिंचोक्याच्या तपकिरी सालीत तुरटपणा असतो. चिंचोका फुटला की तो तुरटपणा पाण्यात उतरतो आणि मग कितीही गूळ घाला, जिभेवर कोरडेपणा राहतोच. म्हणून भिजवलेली चिंच मिक्सरमध्ये फिरवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. पाच मिनिटं वाचतात आणि चव जाते. ढोबळ हिशेब असा की आकड्यात निम्म्याहून थोडा जास्त गर, एक तृतीयांश चिंचोके आणि उरलेलं टरफल-शिरा. एवढी मोठी रास फोडल्यावर हाती लागतं ते एवढंसं, हे पाहून नवीन मुलींचा हिरमोड होतो. आमच्याकडे फोडायला शेजारपाजारच्या बायका ओट्यावर बसतात, त्यामुळे ते कामही गप्पांत सरतं. (चिंचोके फेकायचे नसतात. भाजून खायचे, खेळात कवड्यांसारखे वापरायचे, आणि त्यांच्या पिठाची खळ घोंगडीला लावतात ती वेगळीच.)

स्वच्छ गराला मीठ चोळून चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचं. मिठामुळं कीड लागत नाही. महिन्यामहिन्यानं रंग तांबूस होतो, वर्षानं जवळजवळ काळा. घरात दोन्ही बरण्या असाव्यात, यंदाची आणि गेल्या सालची. नवी चिंच वासाला ताजी, पण घशाला बोचरी; जुनी शांत, खोल, पथ्याला बरी अशी जुन्या लोकांची समजूत. मी चिंचवणीला दोन वाटे जुनी आणि एक वाटा नवी घेते. नुसत्या नवीची चिंचवणी मला उथळ वाटते.

आता आंबटपणाबद्दल. कैरीचा आंबा होतो तेव्हा तिची आंबट चव उतरत जाते. चिंच तसं करत नाही. तिच्यातलं टार्टरिक आम्ल पिकल्यावरही टिकून राहतं आणि शेजारी साखर वाढत जाते. एकाच गरात आंबट आणि गोड दोन्ही जोरात असलेलं फळ आमच्या शिवारात दुसरं नाही. गाभुळलेली चिंच चोखणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. मोठ्यांना मात्र शिकवावं लागतं, कारण मोठी माणसं गूळ ओतून आंबटपणा मारायला बघतात. मला शिकवणारी मोठीमाय म्हणायची, “आंदी आंबट पानी चाखून पाय, मंग गुळाले हात लाव.” गूळ पडायच्या आधीच ते पाणी नीट जमलेलं असलं पाहिजे, एवढंच तिचं शास्त्र होतं.

माझं माप असं. शंभर ग्रॅम साफ चिंच, माठातलं एक लिटर पाणी. आधी चिंच बुडेल इतक्याच पाण्यात तीन-चार तास भिजू द्यायची. घाई असेल तर कोमट पाणी, पण उकळायचं नाही. उकळलं की वास उडतो आणि कोळ दाट, चिकट होतो. तो कोळ आमटीला चालतो, प्यायला नाही. भिजलेली चिंच बोटांनी हलकेच कुस्करायची, पिळून चोथ्याचा जीव काढायचा नाही. दाट कोळ बाजूला काढून उरलेल्या पाण्यातून दुसरा हात, मग दोन्ही मिळून मलमलच्या फडक्यातून गाळायचं. आता घोटभर चाखायचं. दात आंबले पाहिजेत, पण घसा आवळता कामा नये. आवळला तर अजून पाणी.

गूळ साधारण दोनशे ग्रॅम, वेगळ्या पाण्यात विरघळवून आणि गाळून, कारण गुळात खडा असतोच. तो एकदम ओतायचा नाही. तीन वेळा, दर वेळी चाखत. पिवळाधमक गूळ मी टाळते. काळसर, रवाळ गूळ चिंचेला शोभतो. शेवटी चिमूटभर मीठ. आखजीला फक्त वेलदोडा. शेतात न्यायची असेल तर भाजलेलं जिरं, काळं मीठ आणि असला तर पुदिना.

भांडं काचेचं, स्टीलचं किंवा मातीचं. जर्मलचं पातेलं अजिबात नाही, आणि पितळेचं असेल तर कल्हई केलेलंच. ज्या आम्लानं आपण तांब्याचा गडवा लख्ख घासतो, तेच आम्ल रात्रभर त्या भांड्यात ठेवलं तर धातू पोटात जाणार. केलेली चिंचवणी त्याच दिवशी संपवावी. या उन्हात गूळ पडलेलं पाणी दुसऱ्या दिवशी फसफसायला लागतं.

इजिप्तमध्ये रमजानच्या संध्याकाळी चिंचेचंच ‘तमर हिंदी’ पितात, मेक्सिकोत ‘आग्वा दे तामारिंदो’ घरोघरी असतं. तिथं बहुधा साखर. साखरेनं पाणी गोड होतं, चिंच मात्र एकटी पडते. गूळ तिच्या बरोबरीनं उभा राहतो.

मला खरी काळजी झाडांची आहे. सोयाबीनच्या शेतात ट्रॅक्टर फिरायला अडचण नको म्हणून धुरे बारीक झाले, रस्ते रुंद झाले, आणि दोन्हीकडची जुनी चिंच गेली. बी लावून आलेलं झाड फळाला आठ-दहा वर्षं घेतं, म्हणून कुणी लावत नाही. पण कलमं चार-पाच वर्षांत धरतात. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) फळ संशोधन केंद्रानं काढलेलं ‘प्रतिष्ठान’ वाण तर आता बऱ्याच ठिकाणी लागलंय. ज्याच्याकडे धुरा उरलाय, त्यानं पावसाळ्याच्या तोंडी एक कलम लावावं, पहिले दोन उन्हाळे पाणी घालावं आणि गुरांपासून काटेरी कुंपण करावं. एवढंच लागतं.